दोनांतली मधली

मला तीन मुलं आहेत, ही गोष्ट मला सरकारी पत्रातून कळली.

वास्तविक असल्या बातम्या बापाला घरातूनच कळायला हव्यात. निदान कुणीतरी खाली बसवून, पाणीबिणी देऊन सांगायला हवं. इथे पोस्टमननं दारात पाकीट ठेवलं, मी चष्मा शोधला आणि उभ्याउभ्याच वाचलं : 'नवीन बालभत्ता योजनेत प्रत्येक कुटुंबातील पहिली दोनच अपत्ये पात्र असल्याने आपल्या तृतीय अपत्याचा भत्ता मंजूर करता येत नाही.' मी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. नाव माझंच होतं. घर क्रमांकही माझाच होता. मी दाराची चौकट धरली.

"अगं," मी आत हाक मारली, "आपल्याला मुलं किती?"

आमची ही एका दातांच्या डॉक्टरांकडे लोकांना वेळा देण्याचं काम करते. गाल धरून कळवळणाऱ्या माणसाला 'पुढच्या मंगळवारी या' असं सांगताना तिचा आवाज हलत नाही. ती वाळलेले कपडे घेऊन बाहेर आली, पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण तसली नजर आजवर माझ्या वाट्याला आली नव्हती.

"तिसरं कुठंय?" ती म्हणाली.

"मला काय माहीत!"

"तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही, मग सरकारला कसं माहीत?"

प्रश्न बिनतोड होता. माझ्या तोंडाला कोरड पडली. मी वजनमाप खात्यात निरीक्षक आहे. दुकानांत अचानक शिरायचं, तराजू तपासायचा, वजनं उलटी करून शिक्का पाहायचा, हे मी बावीस वर्षं करतोय. आजवर मी इतरांच्या तोंडचं पाणी पळवलंय. माझ्या तोंडचं पळायची ही पहिलीच वेळ.

त्यात सरकारी पाकिटाला डिंक लागत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. तळमजल्यावरून आमच्या दारापर्यंत येईतो ते पाकीट आपोआप उघडलं होतं आणि आपोआप वाचलंही गेलं होतं. दहा मिनिटांत परिपत्रक काका हजर. हे तळमजल्यावरचे निवृत्त सरकारी कारकून. नोकरीतली सगळी परिपत्रकं त्यांना क्रमांकासह पाठ आहेत. त्यांनी दार हळूच लोटून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"घाबरू नका. अशा प्रकरणात मौन पाळायचं असतं."

"कशा प्रकरणात?" मी ओरडलो.

"तशाच," काका डोळे मिटून म्हणाले.

हिनं कपड्यांचा ढीग माझ्या आरामखुर्चीत आपटला. तेवढ्यात माझं लक्ष पत्राच्या मागच्या बाजूला गेलं. तिथे तक्ता होता आणि त्यात तीन नावं होती. तिसरं आमच्या धाकट्याचं. दुसरं मधलीचं. आणि पहिलं ताईचं.

हिनं सोडलेला सुस्कारा काकांना पार जिन्यात पोचवून आला. मी मात्र मटकन कपड्यांवरच बसलो.

ताई माझी मुलगी नाही. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, म्हणजे भाची. तिचे वडील ती लहान असतानाच घर सोडून गेले, ते आज कुठे असतात कुणाला ठाऊक नाही. बहीण परिचारिकेची नोकरी धरून परदेशी गेली. 'दोन महिन्यांत हिला बोलावून घेते, दादा,' म्हणाली. त्या दोन महिन्यांना आता सात वर्षं झाली. तिकडे तिचं दुसरं लग्न झालं, दोन मुलं झाली. दर वाढदिवसाला ताईसाठी तिच्याकडून फ्रॉक येतो आणि तो दर वर्षी दोन वर्षं लहान असतो. ताई तो मधलीला देऊन टाकते आणि फोनवर आईला 'छान बसला' म्हणून सांगते.

सात वर्षांपूर्वी ताईला शाळेत घालायची वेळ आली, तेव्हा शाळेतल्या कारकुनानं मला बाजूला घेतलं होतं. "मामा लिहिलंत तर चार दाखले, दोन शपथपत्रं, शिवाय कोर्टाचा कागद. वडील लिहिलंत तर एक सही. कोण बघतंय साहेब? लिहा आणि मोकळे व्हा." झिजलेल्या वजनापायी म्हाताऱ्या भंगारवाल्यालासुद्धा न सोडणारा मी. मी 'वडील' लिहिलं. पुढे ती गोष्ट मी साफ विसरलो. आता योजना आली आणि सरकारनं नावं थेट शाळांच्या पटावरून उचलली.

हा धक्का पचतो न पचतो तोच मला माझं पत्र आठवलं.

भत्ता दोन मुलांपुरता असावा की नसावा, यावर सहा महिन्यांपूर्वी वर्तमानपत्रांत मोठा वाद चालू होता. त्यात मीही उडी घेतली होती. 'तिसऱ्याचा भार समाजाने का सोसावा?' असं दणदणीत शीर्षक. 'ज्यांना मोजता येत नाही, त्यांनी मागू नये' हे त्यातलं वाक्य तर मला अजून आवडतं, म्हणजे त्या सकाळपर्यंत आवडायचं. कात्रणावर प्लास्टिक चढवून मी ते इमारतीच्या सूचनाफलकावर, टाकी धुण्याच्या सूचनेशेजारी लावलं होतं. रोख वरच्या मजल्यावरच्या शिंप्याकडे होता. त्याला पाच मुलं आहेत. वेडा माणूस. कात्रण वाचून तो पेढ्याइतका गोड चेहरा करून आला आणि म्हणाला, "साहेब, छापून आलात! आपल्या बिल्डिंगचं नाव झालं." त्याला काही कळलं नाही, अशी माझी समजूत झाली.

तेवढ्यात मुलं शाळेतून आली. धाकट्यानं पत्र वाचलं.

"म्हणजे मी रद्द?"

"रद्द नाही रे. फक्त भत्ता नाही."

"शाळेत जावं लागेल?"

"लागेल."

"मग काय उपयोग!" तो म्हणाला आणि खेळायला गेला. त्याचे पुढचे दोन दात एकमेकांशी अबोला धरल्यासारखे वाढलेत. भत्त्याच्या भरवशावर हिनं त्याच्या तारांसाठी डॉक्टरांची वेळसुद्धा धरून ठेवली होती.

ताई दप्तर काढत उभी होती. तेरा वर्षांची आहे, पण काहीही एकदाच वाचते. ती म्हणाली, "मामा, मग माझं नाव काढून टाका ना. सोपंय." बाकावर कुणी आलं की सरकून जागा द्यावी, तितक्या पटकन म्हणाली आणि पाण्याच्या बाटल्या धुवायला आत गेली.

"समजूतदार पोर आहे," मी हिला म्हणालो. खरं सांगतो, मला हायसं वाटलं होतं. हिनं एकाच टॉवेलची तीनदा घडी केली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी भत्ता कचेरीत गेलो. एक नाव काढायचं, अर्ध्या तासाचं काम. रांग जिन्यावरून खाली रस्त्यावर आली होती आणि तिच्यात मर्यादेवरून जुंपली होती. चार मुलांची आई विचारत होती, "चौथ्याला भूक लागत नाही का?" मूलबाळ नसलेले एक गृहस्थ म्हणत होते, "माझ्या करातून तुमचं चौथं का जेवावं?" बाई म्हणाली, "तुम्ही म्हातारे झालात की तुमचं पेन्शन माझं चौथंच भरणार आहे, तेव्हा विचारा त्याला!" एरवी मी गृहस्थांच्या बाजूनं तुटून पडलो असतो. त्या दिवशी मी बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि खिडकी येईपर्यंत बांधतच राहिलो.

खिडकीत चष्मा डोक्यावर चढवलेल्या एक बाई होत्या.

"आधीच सांगतो," मी म्हणालो, "मी या नियमाच्या बाजूचा आहे."

"मग अडचण काय?"

मी सगळी हकिगत सांगितली. बाईंनी चेहऱ्यावरची रेषाही न हलवता एक फॉर्म पुढे सरकवला. वर ठळक अक्षरांत छापलं होतं : 'अपत्य वगळणी अर्ज'.

"कोणतं वगळायचंय?" जुन्या बाजारात 'यातलं कोणतं देऊ' म्हणावं तसं त्यांनी विचारलं.

मी दचकलो. "वगळायचं म्हणजे… म्हणजे नोंदीतून फक्त."

"मग दुसरं कुठून वगळणार? मुलं सांगा बघू क्रमानं."

"मला दोन मुलं. एक आमची मधली, अकरा वर्षांची. आणि धाकटा, नऊ."

बाईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला.

"दोनांत मधली कुठून आली?"

मी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. घरात आम्ही तिला सात वर्षं मधली म्हणतोय. शेजारी म्हणतात, शाळेतल्या बाई म्हणतात, किराणावाला वहीत लिहितो. मधली म्हणजे कशाच्या मधली, हे आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. आणि मी, सगळ्या पेठेची मापं तपासत फिरणारा माणूस, मलाही कधी दिसलं नव्हतं.

"सवय," मी कसंबसं म्हणालो.

"असेल," बाई म्हणाल्या. "दोन शेजाऱ्यांचे जबाब आणा, की ही मुलगी यांची नाही. आणि अपत्य बारा वर्षांवरचं असेल तर त्याची स्वतःची संमती. पुढचे!"

घरी येईतो सल्लागार जमले होते. परिपत्रक काकांचं मत पडलं की ताईला पोटभाडेकरू दाखवावं. कुणी म्हणालं, मुलीला वगळण्यापेक्षा धाकट्यालाच कागदोपत्री कुणाकडे तरी देऊन टाका. सगळ्यांचे डोळे आपोआप शिंप्याकडे वळले.

"द्या की," शिंपी म्हणाला. "पाचात सहावा. संध्याकाळी जेवायला आमच्याकडेच तर असतो."

"धाकटा?" मी किंचाळलो. "जेवायला?"

"रोज. तुमच्याकडे जेवताना तुम्ही बोलता, म्हणाला."

ही खिडकीबाहेर बघू लागली, पण तिचे खांदे हसत होते.

शेवटी काकांनी जबाब लिहून दिला : 'सदर मुलगी ही सदर इसमाची सदर अपत्य नसून'. खाली झोकदार सही ठोकली. राहिला एक जबाब. इमारतीत उरलेले दोघे भाडेकरू महिन्यापूर्वीच आलेले, म्हणून मी शिंप्याच्या खोलीत गेलो. पाच पोरं जमिनीवर वह्या मांडून बसली होती, सहावा आमचा. मी न पाहिल्यासारखं केलं आणि कागद पुढे केला. शिंप्यानं ओठ हलवत सगळा वाचला आणि परत दिला.

"नाही साहेब. खोटं लिहिणार नाही मी."

"खोटं? अहो, भाची आहे ती माझी! सगळ्या जगाला ठाऊक आहे."

"असेल. मी सात वर्षं तिचा शाळेचा गणवेश शिवतो. दर वर्षी माप द्यायला कोण घेऊन येतं?"

"मी."

"आणि जाताना काय सांगता?"

मी आठवायचा प्रयत्न केला. शिंप्यानंच सांगितलं. "'खाली चार बोटं जास्त दुमडून ठेवा, वाढतं अंग आहे.' दर वर्षी सांगता. तिच्या आईकडून आलेला फ्रॉक मोठा होतो का बघायला आणलात एकदा माझ्याकडे. आत उलगडायला कापडच नव्हतं." त्यानं गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली. "पाहुण्याच्या कपड्याला कुणी पुढच्या वर्षाचं कापड सोडत नाही, साहेब. मला पाच आहेत. कुणासाठी किती सोडायचं ते मला कळतं. तुमचं कात्रणही कळलं होतं मला."

खोलीत पोरांच्या पेन्सिलींचा आवाज तेवढा चालू होता. मला लाज वाटली. उगाच कसलीबसली नव्हे, चांगली मान खाली घालायला लावणारी लाज. त्यानं वाचलं होतं, कळलं होतं, आणि वर माझ्या पोराला रोज जेवायला घातलं होतं. मी जिना उतरलो.

घरी टेबलावर 'अपत्य वगळणी अर्ज' पडला होता. 'वगळल्या जाणाऱ्या अपत्याने भरावयाचा भाग' ताईनं आधीच भरून ठेवला होता. सुवाच्य अक्षर. कारण : 'धाकट्याच्या दातांसाठी.' संमती आहे का : 'आहे.' अर्जदाराशी नाते : 'भाची.' खाली सही. तेरा वर्षांच्या पोरीची सही, शेपटी वगैरे काढलेली. नुकतीच शिकली असावी.

मी सहज कागद खिडकीकडे धरला. ही माझी धंद्याची खोड. लोक वजनावरचा जुना शिक्का घासतात आणि वर नवा मारतात. त्यांना वाटतं दिसत नाही. पण घासलेलं उजेडात तिरपं धरलं की खालचं वर येतं. बावीस वर्षांत मला त्यात कुणी फसवू शकलेलं नाही.

'भाची' पेनानं लिहिलं होतं. त्याच्या खाली पेन्सिलीनं लिहून खोडलेलं होतं. चांगलं दाबून खोडलं होतं, कागदाला लव आली होती. तरी वाचता आलं. 'मुलगी.'

मी खाली बसलो. ही येऊन म्हणाली, "काय झालं? चेहरा पांढरा का पडलाय?" मी कागद तिच्याकडे दिला आणि कसा धरायचा ते दाखवलं. दातांच्या दवाखान्यात ज्या बाईचा आवाज कधी हलत नाही, ती तिथंच तोंडाला पदर लावून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तारांसाठी मी डॉक्टरांशी बोलते. पगारातून थोडे थोडे कापतील. तुम्ही उद्या पुन्हा रजा टाका."

दुसऱ्या दिवशी मी खिडकीत उभा राहिलो. बाईंनी ओळखलं.

"या, मधलीचे वडील. कोणतं वगळायचं ठरलं?"

"कोणतंच नाही."

"मग तिसऱ्याचा भत्ता नाही."

"माहीत आहे."

"म्हणजे नोंद बरोबर आहे म्हणायचं?"

इथे मला खरं तर 'हो' म्हणून सुटता आलं असतं. मागच्या खेपेला तशीच एक सही करून सुटलो होतो.

"नाही," मी म्हणालो. "नोंद खोटी आहे. वडील म्हणून सही केली ती मी खोटी केली, त्याचा काय दंड असेल तो लावा. पण ती मला खोडायची नाही. खरी करून घ्यायची आहे. त्याचा अर्ज कुठे मिळतो?"

बाईंचा चष्मा डोक्यावरून घसरून थेट शिक्क्याच्या शाईत पडला. मागून, आजही रांगेतच असलेली ती चार मुलांची आई म्हणाली, "द्या की हो बाई, बघताय काय!"

दत्तकाचा अर्ज दुसऱ्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर मिळाला. त्याला एकोणीस कागद लागतात, हे ऐकून मला पुन्हा भिंतीचा आधार घ्यावा लागला. त्यातला एक बहिणीचा. मी फोन केला. ती म्हणाली, "दादा, तिला विचारलंस?" म्हटलं, विचारतो. "मग पाठवते," म्हणाली. आणि मग तिनं विचारलं, "आता केवढी झाली रे? उंच झाली?" मी माप सांगितलं.

मर्यादा असावी की नसावी, हे मला आता विचारू नका. रांगेतल्या गृहस्थांचंही मला पटतं आणि त्या बाईचंही. फलकावरचं कात्रण मी काढून घेतलं. तिथे एवढा चौकोन पांढरा राहिलाय, की न लावलेलं असताना ते जास्त दिसतं. शेजाऱ्यांचे दोन जबाब याही अर्जाला लागले. काकांनी पहिल्या जबाबातला 'नसून' खोडून 'असून' केलं. शिंप्यानं त्याला सुचलं ते लिहिलं, 'मी सात वर्षे माप घेतो. हे चार बोटे सोडायला सांगतात.' काका म्हणाले, हे नमुन्यात बसत नाही. मी तसंच जोडलं.

संध्याकाळी सगळे कागद टेबलावर पसरून मी ताईला हाक मारली. तिला समोर बसवून सगळं सांगितलं आणि विचारलं. तिनं मान इतक्या जोरात डोलावली की तिची वेणी पुढे आली. मग तिनं अर्ज ओढून घेतला, कंपासपेटी उघडली आणि वरपासून भरू लागली. नाव, वय, शाळा. 'अर्जदाराशी नाते' पाशी येऊन ती थांबली. माझ्याकडे न बघता तिनं पेन्सिल उचलली.

"पेन्सिल ठेव," मी म्हणालो.

तिनं वर पाहिलं. डोळे एवढे मोठे झालेले. चोरी पकडली गेल्यावर दुकानदार बघतात तसे. मी खिशातलं पेन काढून तिच्यापुढे धरलं; आजवर अशा वेळी कुणाला ते दिलेलं नाही.

"मामा, पण पेननं लिहिलं तर खोडता येत नाही."

"माहीत आहे," मी म्हणालो. "लिही."